ताटातला वड

१

आमच्या चिखलोलीच्या फ्लॅटमध्ये हॉलमधून स्वयंपाकघरात जायच्या दारावर एक तोरण आहे. मोत्यांचं, खाली बारकी घुंगरं लावलेलं. आमची लेक तेजस्वी शाळेत असताना तिने केलेलं. ती आता पुण्याला नांदते, तोरण इथेच आहे. आमचे हे चांगले उंच. नाव घ्यायचं तर हिंदुराव, पण मी आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलंय. दारातून जाताना यांचं डोकं तोरणाला लागणार म्हणजे लागणारच. मी ओट्याशी पाठमोरी असले तरी घुंगरं वाजली की समजायचे, स्वारी चहाला आली.

"अहो, जरा वाकत जा की. मोती गळतात त्याचे."

"दार छोटं आहे, काशी. त्यासाठी मी कशाला वाकू?"

हे असं बोलायचे ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. अंबरनाथच्या फॅक्टरीत मशीनवर उभं राहून जन्म गेला. मशीनच्या वर आवाज काढायची सवय लागली ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. शेजारची यशोधरा म्हणायची, "काकू, काकांनी चहा मागितला की आमच्याकडे पण आधण ठेवतात."

रिटायर झाल्यावर यांना बोन्सायचं वेड लागलं. मोबाइलवर जपानी म्हातारे झाडं कापताना दिसायचे. त्यांचं बोलणं यांना ओ की ठो कळायचं नाही, पण हात कळायचे. चार वर्षांत गॅलरी भरली. उंबर, चिंच, डाळिंब, आणि सगळ्यांत लाडका एक वड. उथळ ताटासारख्या कुंडीत बसवलेला, हातभर उंचीचा, पारंब्यांसकट. मी त्याला ताटातला वड म्हणायचे.

मी उल्हासनगर कॅम्पातून जीन्सचे गठ्ठे आणून घरी शिवणारी बाई. मला हे काम बघवायचं नाही. तांब्याची तार गुंडाळून फांदी वाकवायची, मुळं छाटायची, पानं खुडायची म्हणजे पुढची पानं लहान येतात. एकदा मी म्हटलं, "त्या बिचाऱ्याला वाढू द्या ना सरळ."

"मी रोज त्याची समजूत घालतो," हे म्हणाले. "फक्त तार रुतायच्या आत सोडायला पाहिजे. रुतली की खूण जन्मभर जात नाही." मग डाळिंबाकडे बोट दाखवलं. वीतभर झाडाला बाजारात मिळतं तेवढं मोठं डाळिंब लटकलं होतं, फांदी पार वाकली होती. "हे बघ. पानं लहान करता येतात. फळ नाही करता येत. ते आपल्या मापाचंच येतं."

मला ते डाळिंब कधी आवडलं नाही.

२

गेल्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात यांची छाती भरली. फॅक्टरीतली जुनी धूळ, डॉक्टर म्हणाले. बदलापूरच्या हॉस्पिटलात काचेच्या खोलीत ठेवलं. नळ्या लावलेल्या, आवाज बंद. यांचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदाच बघत होते. डॉक्टर पोरगेलासा होता, माझ्याकडे न बघता बोलला, "कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा होती.

आमच्या नाक्यावरचा वड रस्ता रुंद करताना तोडला. तेव्हापासून सोसायटीतल्या बायका बाजारातून वडाची फांदी आणतात आणि पाटावर ठेवून पुजतात. दरवर्षी मीही पुजली. पण त्या दिवशी फांदी हातात घेतली आणि तिच्या तुटल्या टोकाचा चीक बोटांना लागला. तोडलेल्या फांदीपुढे कुणाचं आयुष्य मागायचं? मी ती तशीच पाटावर ठेवली, घरी आले, आणि गॅलरीतला वड उचलून हॉलच्या मधोमध स्टुलावर ठेवला.

हळदकुंकू वाहिलं. सुताची गुंडी घेऊन फेऱ्या सुरू केल्या. दुसऱ्या फेरीला सूत तुटलं. गाठ मारली, परत तुटलं. आज, या दिवशी, दोरा तुटावा? माझं मशीन तिथेच होतं. त्यावर जीन्सच्या दोऱ्याचं रीळ होतं, हळदीच्या रंगाचं. तो दोरा हाताने तुटत नाही, दाताने तुटत नाही, पाण्याने कुजत नाही. मला तोच हवा होता.

मी सातही फेऱ्या घातल्या, घट्ट ओढून घातल्या, आणि शिवणाच्या शेवटी मारतो तशी दुहेरी गाठ मारली. सात जन्मांचं मागायचं असतं. माझ्या तोंडून तेवढं आलंच नाही. मी म्हटलं, "माझ्याजवळ राहू देत. जसे असतील तसे, पण माझ्याजवळ राहू देत."

संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन आला की यांनी डोळे उघडले.

"औषधं लागू पडली, काकू," यशोधरा म्हणाली. ती स्वतः नर्स आहे आणि तिच्या घरात उपासतापास, दोरेगंडे काही नाही. मीही मान हलवली. औषधंच लागू पडली असणार.

३

हे घरी आले तेव्हा मी मुद्दाम भाकरी थापत बसले होते. यांना तव्यावरची गरम भाकरी आवडते.

"काशी, चहा टाक."

मी दचकले. हे माझ्या मागे उभे होते, चक्क हातभर अंतरावर. आणि घुंगरं वाजली नव्हती.

आजारातून उठलेला माणूस वाकतो, मी स्वतःला समजावलं. पण हे वाकलेले नव्हते. ताठ उभे होते. डोक्यात आणि तोरणात बोटभर जागा होती, त्यातून पलीकडच्या हॉलचा उजेड दिसत होता. मी भाकरीकडे बघितलं तर ती करपली होती.

मग पँट. खाली लोळायला लागली म्हणून मी दुमडून टीप मारली. माझा तो धंदाच आहे, त्यात काय. थोड्या दिवसांनी परत लोळायला लागली, परत टीप मारली. शर्टाच्या बाह्या वर घेतल्या. चपला ढिल्या झाल्या तेव्हा तेजस्वीचे जुने सॅंडल काढून दिले, आणि तेही यांनी निमूट घातले. वजन उतरलं की कपडे सैल होतात, हे मला कळतं. कपडे लांब होत नाहीत, हेही मला कळतं. पण मी एक गोष्ट मनात धरली आणि दुसरी सोडून दिली.

आवाज मात्र परत आला होता. होता तसा, खणखणीत. यशोधरा दारातूनच ओरडली, "काका, वेलकम बॅक! बिल्डिंग जागी झाली!" मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन रडले.

तोरणाकडे बघायचं मी टाळायला लागले.

४

एका रविवारी सकाळी यांना अंघोळ घालताना पाठीवर वळ दिसले. कमरेपासून तिरके वर चढत जाणारे, पोटावरून फिरून परत पाठीवर आलेले. बोट फिरवलं तर बोट आत गेलं.

"दुखतंय का हो?"

"नाही. आवळल्यासारखं वाटतं फक्त."

यशोधराला बोलावलं. तिने चष्मा लावून बघितलं. "काकू, यांना काही बांधलं होतं का? हॉस्पिटलमध्ये पेशंट फार हलला तर बांधतात कधीकधी."

"तसंच असेल," मी म्हटलं.

"पण त्याला तर महिने झाले," ती स्वतःशीच बोलली आणि एक मलम लिहून दिलं.

दुपारी मशीनवर बसले होते, तर गॅलरीतून कात्रीचा आवाज आला. मग थांबला. बराच वेळ काहीच नाही. जाऊन बघते तर हे वडासमोर छोट्या स्टुलावर बसलेले. हातात छाटायची कात्री, उघडी. वडाच्या खोडात माझा दोरा अर्धा बुडाला होता. दोन्ही बाजूंनी साल फुगून त्याच्यावर आली होती.

"हा तू बांधलास?"

"वटपौर्णिमेला. तुम्ही तिकडे पडला होतात."

हे ओरडतील असं वाटलं होतं. आपल्या झाडाला दुसऱ्याने हात लावलेला यांना कधी खपायचा नाही.

"मी तोडायला गेलो," हे म्हणाले, "तर श्वास अडकला. हात खाली घेतला की परत सुरू. तू तोड, काशी."

"वेड लागलंय का? सवाष्णीने बांधलेला दोरा सवाष्णीनेच तोडायचा? माझ्या हातून नाही व्हायचं ते."

"रुतलाय गं तो."

"रुतू दे."

माझा आवाज चढला होता. यांनी कात्री मिटली आणि माझ्या हातात दिली. यांचा हात माझ्या मुठीत मावला. लग्नात माझा हात यांच्या मुठीत दिसेनासा झाला होता, त्याचा फोटो आहे आमच्याकडे.

५

हिवाळ्यात वडाची पानं पिवळी पडायला लागली आणि यांना ताप यायला लागला. मी दोन्हींचा संबंध लावला नाही. गॅलरीत ऊन कमी येतं हिवाळ्यात, आणि म्हाताऱ्या माणसाला थंडी बाधते. यशोधराकडून मागून आणलेल्या गोळ्यांनी ताप उतरायचा आणि परत चढायचा.

"ताट भरलंय," हे अंथरुणातून म्हणाले. "मुळं मावत नाहीत. एक तर जमिनीत लाव, नाहीतर छाट."

"कशी छाटायची?"

यांनी आतल्या खोलीतून सांगितलं, मी गॅलरीत बसून केलं. भर दुपार होती. समोर नव्या स्टेशनच्या जागेवर पत्रे उन्हात चमकत होते, एमआयडीसीचा नेहमीचा वास येत होता. मी झाड ताटातून उपसलं. मुळांचा ताटाच्याच आकाराचा गोळा निघाला. काडीने माती झाडली.

"कडेची लांब घे आधी," आतून आवाज आला.

मी एक मूळ कापलं. आतून "हं" आलं. गोष्ट ऐकणारं माणूस देतं तसं.

दुसरं कापलं. "हं."

मी थांबले. काही बोलायचं म्हणून विचारलं, "अहो, चहा करू का?" उत्तर आलं नाही. मी कात्री जवळ नेली, कापलं. "हं."

रडत रडत मी सगळी कापली. शेवटी शेवटी माझं कापणं आणि यांचा हुंकार यांत अंतरच राहिलं नाही. मग नवी माती भरली, पाणी घातलं, हात धुऊन आत गेले. यांचा ताप उतरला होता. चेहऱ्यावर तकाकी आली होती. मला म्हणाले, "छान केलंस. हात बसला तुझा."

पाय गार पडले होते म्हणून मी मोजे चढवले. मोज्यांचे पुढचे भाग रिकामे राहिले. मी ते दुमडून खाली खोचले, वर चादर घातली आणि चादर परत काढली नाही. त्या दिवसानंतर हे आपल्या पायांनी उठले नाहीत.

६

उन्हाळा सुरू झाल्यावर यांनी एकच धोशा लावला. झाड सोनिवलीला ने. तिथे यांच्या फॅक्टरीतल्या मित्राची, मधूची, थोडी जमीन आहे. विहिरीजवळ मोकळ्यात लाव. आणि आधी दोरा तोड.

"मग काय होईल?" मी विचारलं.

"ताटातलं झाड जमिनीत गेलं की एक तर मरतं, नाहीतर मोठं होतं. मला दोन्ही चालेल."

"आणि मला?"

यांनी माझ्याकडे बघितलं. यांना आता मी उशीवर बसवत होते, म्हणजे खिडकीतून बाहेरचं दिसायचं. "काशी," हे म्हणाले, अगदी हळू बोलले तरी भांडी वाजतील असा तो आवाज. "दमलो गं मी. रोज समजूत घालून घेऊन दमलो."

मी तयार झाले. खरंच झाले. यांचा असा चेहरा मला बघवत नव्हता. यशोधराची सुट्टी होती, तिला म्हटलं, दाराशी बस, काही लागलं तर काका आवाज देतील, तोवर आत जाऊ नकोस, ते झोपलेत. झाड मांडीवर घेऊन रिक्षाने सोनिवलीला गेले. मधू घरी नव्हता. मीच पहारीने खड्डा खणला. माती भुसभुशीत होती, ताटातली मुळं तिच्यात ठेवली तेव्हा मलाच गार वाटलं.

मग कात्री काढली. दोरा सालीत जवळजवळ दिसेनासा झाला होता. एका जागी नखाने उकरून वर काढला आणि कापला. एकच वेढा. त्यातून पांढरा चीक आला.

फोन वाजला.

"काकू, लवकर या!" यशोधरा ओरडत होती. "काकांनी आवाज दिला म्हणून मी आत गेले. ते... काकू, ते हसतायत. मोठा श्वास घेतला आणि सोडतच नाहीत. चादर वर येतेय... काकू, बेड छोटा पडतोय. मी काय बघतेय मला कळत नाहीये. या तुम्ही!"

बेड छोटा पडतोय. तिने असं म्हटलं. मी ते नंतर हजारदा आठवलं. त्या वेळी मी फक्त श्वास सोडत नाहीत एवढंच ऐकलं. मी माझ्या माणसाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते दारात मावत नव्हते, हे मला त्या वेळी आठवलं असतं तर? पण मला काचेची खोली आठवली, नळ्या आठवल्या. माझ्या पिशवीत रीळ होतं. माझ्या पिशवीत ते कायमच असतं. मी कापलेली टोकं ओढली, गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, आणि उरलेला दोरा वरून गुंडाळत सुटले. फोनमध्ये यशोधरा रडत होती. मग तिचं रडणं थांबलं.

"सोडला," ती म्हणाली. "श्वास सोडला त्यांनी."

मी झाड खड्ड्यातून उपटून ताटात घातलं आणि रिक्षाला हाक मारली.

घरी आले तेव्हा यशोधरा आमच्या दारात उभी होती, पाठ घराकडे करून. "काकू, तुम्ही त्यांना काय..." एवढंच बोलली. मग आपल्या घरात गेली आणि कडी लावली. आमच्या शेजाराला इतकी वर्षं झाली, दिवसाउजेडी तिने कधी कडी लावली नव्हती.

हे भिंतीकडे तोंड करून होते. मला वाटलं रागावतील, शिव्या देतील, यांच्या आवाजात देतील. मी वाट बघत बसले. यांनी एकच विचारलं, "जमीन कशी होती?"

"भुसभुशीत," मी म्हटलं.

७

आज परत वटपौर्णिमा आहे. खाली बायका फांदी पुजतायत, त्यांच्या आरतीचा आवाज वर येतोय. मी गेले नाही.

सकाळी तेजस्वीचा फोन आला. "आई, बाबांना दे ना. तू व्हिडिओ कॉल का लावत नाहीस?"

"फोन बिघडलाय गं," मी म्हटलं, आणि गॅलरीच्या दाराशी जाऊन तो बाहेर धरला. "अहो, तेजू आहे."

"बोल बाळा," आवाज आला. कुंड्यांवरची पानं हलली. "नीट आहेस ना?"

"बाबा, किती मस्त वाटलं! आवाज तर पहिल्यासारखाच आहे. आई वर्षभर येऊ नको म्हणतेय, आता मी ऐकणार नाही. उद्या येते. तुम्हाला मिठी मारायचीय."

मी फोन ठेवला. उद्या. ती दारातून आत येईल, चपला काढेल, बाबा कुठे म्हणून विचारेल. मी काय दाखवू तिला? दिवसभर मी तेच शोधतेय आणि मला काही सापडत नाही. यांच्या नव्या लेंग्याला एक रुमाल पुरला. टीप मशीनवर बसेना, हातानेच घातली.

आता ऊन गॅलरीतून निघून चाललंय. मी ताट स्टुलावर घेतलं. जुना दोरा दिसत नाही, सोनिवलीला गुंडाळलेलाही नाही, साल पूर्ण मिटलीय त्याच्यावर. उकरून काढायचा तर झाड मरेल. मी रिळाचं टोक सोडवलं.

"काशी," हे म्हणाले. डाळिंबाच्या कुंडीच्या मागून, सावलीतून. माझ्या छातीत घुमला तो आवाज, माझ्या लग्नातला, भरदार. "आज नको बांधूस."

मी फेरी सुरू केली.

"तेजू यायच्या आधी मोकळं कर गं. तिने असं बघायला नको मला."

बायका सात जन्म मागतात. मला हा एकच सोडवत नाही. मी दोरा घट्ट ओढला आणि तिकडून श्वास आवळल्याचा बारीक आवाज आला. शिवणारीचे हात आहेत माझे, वेढा चुकला नाही.

"थांबा हं," मी म्हटलं. "एवढ्या फेऱ्या होऊ देत. मग पाणी घालते तुम्हाला."